थंडीत गाडी सुरू होईना: बॅटरी, प्लग की कार्बोरेटर, आधी पैसे कशावर घालायचे?

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातली पहाट साधारण दहा-बारा अंशांची असते, काही दिवस त्याहूनही खाली. पाषाण, एनडीए, हवेली या बाजूला पारा शिवाजीनगरपेक्षा खाली उतरतो, तर कोरेगाव पार्क आणि मगरपट्ट्याकडे त्यामानाने ऊब असते. त्यामुळे बावधनला उघड्यावर उभी असलेली दुचाकी आणि हडपसरला तळघरात लावलेली गाडी यांचा सकाळचा अनुभव सारखा नसतो. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो: धडधाकट पेट्रोल इंजिन दहा अंशांना अडत नाही. असंच इंजिन हिमाचलात याहून कितीतरी कडक थंडीत चालतं. आपल्याकडची थंडी गाडीतलं आधीचं दुखणं फक्त उघडं पाडते. म्हणून ‘थंडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडूनही देऊ नका आणि घाईने नवी बॅटरीही घेऊ नका.

थंडीत एकाच वेळी तीन गोष्टी बिघडतात. पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते ती वाफ. ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. यातलं तुमच्या गाडीत काय झालंय हे ओळखलं, तर निम्मा खर्च वाचतो.

आधी सेल्फ ऐका

बटण दाबल्यावर सेल्फ रडत-रडत फिरतो, नुसता ‘कट-कट’ करतो किंवा हेडलाइट एकदम मंद होतो, तर बॅटरीकडे बघा. सेल्फ रोजच्या जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. दोष प्लग किंवा पेट्रोलच्या बाजूला आहे. गाडीला किक असेल तर आणखी सोपं. सेल्फवर होत नाही पण दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते, म्हणजे बॅटरी. किकही दाद देत नाही, तर प्लग आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). किक पायाला अगदी हलकी लागते, आतून काही विरोधच येत नाही, तर टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासून घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि त्याचा त्रास सगळ्यात आधी गार इंजिनाला होतो. टॅपेटचं काम स्वस्त असूनही बहुतेकांना ते शेवटी आठवतं.

बॅटरी: खर्च सगळ्यात मोठा, पण तपासणी सगळ्यात पक्की

प्लग शंभर-दीडशे रुपयांत येतो. बॅटरीचा खर्च हजाराच्या पुढेच जातो. म्हणून आधी व्होल्टमीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, चावी लावण्याआधी, बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 च्या आसपास म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. मग मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं आयुष्य संपत आलंय. ती चार्जिंगला लावून भरून घ्या आणि पुन्हा मोजा. भरूनही कोसळत असेल तर बदलायची वेळ झाली.

इथे लगेच दुकान गाठू नका. गाडी सुरू करून थोडी रेस करा आणि मीटर बघा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. आकडा बारावरच अडकून राहिला तर बॅटरीला चार्जिंगच मिळत नाहीये. रेग्युलेटर किंवा कॉइल तपासावी लागेल. ते न करता नवी बॅटरी बसवली तर तीही थोड्याच दिवसांत बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर आधी ती साफ करून बोल्ट आवळा. सोडताना निगेटिव्ह वायर आधी, जोडताना शेवटी.

एक पुणेरी कारणही आहे. रोज कोथरूडहून डेक्कनला जाऊन यायचं, मध्ये चार-पाच वेळा सेल्फ मारायचा, प्रत्येक सिग्नलला उभं राहायचं. एवढ्या कमी पल्ल्यात सेल्फने खाल्लेला करंट पुरता भरून निघत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी सलग लांब चालवा.

प्लग: स्वस्त, सोपा, आणि बरंच काही सांगणारा

कार्बोरेटर उघडण्याआधी प्लग उघडा, असं माझं स्पष्ट मत आहे. काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग टोक नीट उजेडात धरून बघा. फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. ओला असून पेट्रोलचा वास मारत असेल, तर गाडी ‘ओव्हर’ झाली आहे. अशा वेळी चोक (गार इंजिनासाठी मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फ किंवा किक मारा. जास्तीचं पेट्रोल निघून जातं. प्लगच्या टोकांमधला गॅप बहुतेक गाड्यांत 0.7 ते 0.8 मिलिमीटर असतो, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. बसवताना आधी हाताने फिरवा. पान्याने सुरुवात केली आणि आटे वाकडे बसले, तर शंभर रुपयांचं काम सिलिंडर हेडवर जातं.

प्लग साफ करावा की बदलावा? टोकं झिजून गोल झाली असतील तर बदला. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहेच, पण फक्त भाव बघू नका. ओळखीच्या दुकानातून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच घ्या.

कार्बोरेटर: सुरू होते पण टिकत नाही तेव्हा

चोकवर सुरू होते, चोक काढला की मान टाकते. किंवा पहिल्या सिग्नलला थ्रॉटल सोडला की बंद. हे लक्षण असेल तर संशय सरळ स्लो जेटवर घ्या. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू राहायला, लागणारं पेट्रोल त्या केसाएवढ्या भोकातून येतं, आणि जराशी घाणही ते अडवायला पुरते.

पूर्ण साफसफाईला देण्याआधी एक काम घरी करून बघा. पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करा आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. इंजिन गार असताना, उघड्यावर, जवळपास काहीही पेटतं नसताना. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवली की तळाशी वेगळा थर, पाण्याचे थेंब किंवा गंजाचे तांबूस कण दिसतात. पावसाळाभर गाडी उघड्यावर असेल आणि टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पाणी आत जातंच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून खाली बसतात. शिवाय इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी जेट बसवलेल्या जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण किंचित फिकं पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि ते गार इंजिनालाच सोसत नाही.

बाटलीत घाण दिसली तर पूर्ण सफाई करून घ्याच. जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं; क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला भेग आहे का तेही त्याच वेळी बघायला सांगा. तिथून हवा शिरली तर सफाई कितीही चांगली झाली तरी गाडी बंद पडतच राहील. नवा डुप्लिकेट कार्बोरेटर घेण्यापेक्षा जुना मूळचाच नीट साफ करून वापरावा.

एफआय गाडी असेल तर

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या (एफआय) झाल्या. त्यांना पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो, त्यामुळे चोकचा प्रश्नच नाही. चावी फिरवली की गाडीतल्या फ्युएल पंपाचा बारीक घूं आवाज दोन-तीन सेकंद येतो. तो थांबू द्या आणि थ्रॉटल न पिळता सेल्फ मारा. कार्बोरेटरची सवय असलेले लोक इथेच घाई करतात. आवाजच येत नसेल तर फ्यूज, पंप किंवा वायरिंग तपासा. आवाज येतो, सेल्फ दमदार आहे, तरी गाडी पकडत नसेल तर सेन्सर, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन किंवा पंपाचं कमी पडलेलं प्रेशर. यासाठी ईसीयूतले दोष वाचणारा स्कॅनर लागतो. अंदाजाने एकेक भाग बदलत बसणं महागात जातं.

एफआय गाडीत अशक्त बॅटरीचा फटकाही जास्त बसतो, कारण पंप आणि ईसीयू दोघांना वीज हवी. कित्येक गाड्यांना किकच नसते. म्हणून एफआय गाडी आणि तीन वर्षांवरची बॅटरी असेल तर मी प्लगआधी बॅटरी तपासेन. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर क्रम उलटा: प्लग, मग बाटलीची तपासणी, मग स्लो जेट, आणि सेल्फ रडत असेल तरच बॅटरी.

आयडल वाढवून घेणं

हा सगळ्यात झटपट आणि माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय. गार इंजिन घट्ट ऑइलमुळे जड फिरतं, आयडल खाली येतं, गाडी बंद पडते. मेकॅनिक स्क्रू अर्धा आटा फिरवतो आणि सकाळ निभावते. दुपारी तीच गाडी सिग्नलला भणभणत उभी असते, गिअर टाकताना दणका बसतो, पेट्रोल जळत राहतं. खरं दुखणं मात्र तसंच आत. आयडल इंजिन गरम झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे लावायचं असतं, बऱ्याच गाड्यांत ते मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास येतं. पातळ ऑइलचा सल्लाही असाच. मॅन्युअलमध्ये 20W-50 ही ऑइलची ग्रेड लिहिली असेल तर पुण्याच्या थंडीसाठी ग्रेड बदलायची गरज नाही. ऑइल जुनं झालं असेल तर तेवढं बदला.

चौकातलं गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

कार्बोरेटरसाठी मी चौकातल्या जुन्या, हाताला सवय असलेल्या मेकॅनिककडे जाईन. समोर उभं राहून जेट बघता येतो. एफआयसाठी सर्व्हिस सेंटर, किंवा ज्याच्याकडे तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे असं गॅरेज. वॉरंटी शिल्लक असेल तर दुसरा विचारच नको.

पण कुठेही जा, गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. सकाळी कशीबशी सुरू करून तुम्ही तिथे पोचता तोवर इंजिन तापलेलं असतं. मेकॅनिक बटण दाबतो, गाडी एका झटक्यात सुरू, आणि तो मनापासून सांगतो की काहीच प्रॉब्लेम नाही. त्याला दोष दिसलेलाच नसतो. रात्रभर गॅरेजमध्ये राहिलेली गाडी सकाळी त्याने स्वतः सुरू करावी असं सांगून ठेवा. सोबत चार ओळी लिहून द्या: सेल्फ कसा फिरतो, चोक लागतो का, बंद केव्हा पडते, बॅटरी कोणत्या वर्षाची. बदललेले भाग परत मागा.

तोपर्यंत रोजच्या सकाळी सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका आणि मध्ये थोडं थांबा. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे. मग हळू निघा, इंजिन चालता-चालता तापतं. सोसायटीच्या तळघरात गाडी पाच-दहा मिनिटं धडधडत ठेवू नका. तो धूर कोंडतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.