गोडो आठ महिने वापरल्यावर: लाकडी नंदी आणि त्याची चाकं

मी नागपुरात शाळेत चित्रकला शिकवते. कोडिंगशी संबंध शून्य. दिवाळीच्या सुट्टीत गोडो हे व्हिडिओ गेम बनवायचं सॉफ्टवेअर उतरवलं. ते फुकट आहे, मुक्त आहे आणि इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, फाइल उघडली की चालू. आता जून संपत आलाय आणि माझा एक छोटा खेळ तयार आहे: नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीतून एक पोरगा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा (पोरांना मिळणारी ओवाळणी) मागत फिरतो.

आधी मी खराखुरा बैल काढला होता. आठ चित्रांत चार पायांची चाल बसवली, तरी बैल बर्फावरून घसरल्यासारखाच दिसायचा. टेकलेला पाय, अंग जितकं पुढे जातं नेमका तितकाच मागे सरकायला हवा, हे कळायला दोन आठवडे गेले. मग म्हटलं, आपल्याकडे लाकडी नंदी आहे की! त्याला पाय हलवायचेच नाहीत, फक्त चाकं फिरवायची. नवशिक्यांनी पहिलं पात्र चाकांचंच घ्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कारण स्क्रिप्ट आणि अॅनिमेशन वेगळे विषय नाहीत, हे त्या चाकाने मला शिकवलं. माझ्या चाकाची त्रिज्या १६ पिक्सेल, म्हणजे घेर साधारण १००. नंदी सेकंदाला १०० पिक्सेल सरकला, तर चाकाचा जवळपास एक फेरा व्हायला हवा. म्हणून दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, वेग गुणिले डेल्टा भागिले १६, एवढं चाकाच्या कोनात (रेडियनमध्ये) मिळवायचं. पहिल्यांदा चाक रस्त्याला चिकटून फिरलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. पात्र हलवणारी ‘मूव्ह अँड स्लाइड’ ही आज्ञा तो वेळ स्वतःच हिशेबात धरते. मी वेगालाही डेल्टाने गुणलं आणि नंदी जागचा हलेना! नववीतला भाचा म्हणाला, “आत्या, सेकंदाला दीड-पावणेदोन पिक्सेलच चाललाय ना तो.”

गळ्यातली घंटा मात्र कोडने नाही, गोडोच्या अॅनिमेशन प्लेयरमध्ये कीफ्रेम (कोणत्या क्षणी घंटा कुठे असावी याच्या खुणा) लावून हलवली. दोन टोकांना वेग कमी, मध्ये जास्त. तो वक्र बदलत बसण्यात मी आख्खा रविवार घालवला, आणि तो सगळ्यात छान रविवार होता.

सगळ्यात जास्त रखडले ती पोराच्या नमस्कारावर. दारात बटण दाबलं की त्याने वाकायचं, पण तो जरासा दचकून परत ताठ. कारण ‘उभा राहा’ हे अॅनिमेशन मी दर फ्रेमला चालू करत होते आणि नमस्कार पहिल्याच चित्रावर कापला जात होता. मग ‘नमस्कार चालू आहे’ अशी नोंद ठेवणारा एक व्हेरिएबल ठेवला आणि अॅनिमेशन संपल्याचा सिग्नल, म्हणजे गोडोने दिलेला इशारा, आला की तो बंद केला. तो सिग्नल लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा चालत राहायला, ठेवलेल्या अॅनिमेशनला मिळत नाही, हेही त्याच रात्री समजलं.

तक्रार एकच, पण मोठी. २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली आणि कोडमधली कितीतरी नावं बदलली. ‘कायनेमॅटिक बॉडी’चं ‘कॅरेक्टर बॉडी’ झालं, ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आलं. जुने व्हिडिओ पाहून टाइप केलं की लाल ओळी येतात आणि नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये. व्हिडिओ लावण्याआधी आवृत्ती बघाच.

माझा लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही, तरी ‘कंपॅटिबिलिटी’ ही चित्र दाखवायची हलकी पद्धत निवडून सगळं सुरळीत चाललं. मे महिन्यात दुपारी मात्र कूलरसमोर ठेवूनही तो तापायचा, म्हणून मी पहाटे पाच ते सात बसायचे. चित्रं धूसर दिसली तर टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ करा, पिक्सेलच्या कडा स्वच्छ होतात.

पोळ्यापर्यंत शाळेतल्या पोरांना खेळायला द्यायचा विचार आहे. तोवर पिवळी मारबत, म्हणजे नागपूरच्या मिरवणुकीतला मोठा पुतळा, काढायची आहे. तिचे हात हाडांचा सांगाडा लावून हलवून बघणार आहे.