फुकटच्या स्क्रिप्टचे 68,690 रुपये

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात कोणी दुकानाची, हॉटेलची, नर्सरीची वेबसाइट करून घेत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचून घ्या. माझे 68,690 रुपये गेले, तेही फुकट मिळणाऱ्या स्क्रिप्टसाठी (स्क्रिप्ट म्हणजे साइटवरचा मेनू, कॅलेंडर वगैरे चालवणारा कोड). नातेवाइकांत अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, आता कळलं तरी चालेल. आकडा लपवून माझा काही फायदा नाही आणि साइट करून देणारा तो पोरगा अजून फिरतोय.

माझी केळीच्या टिश्यू (लॅबमध्ये वाढवलेल्या) रोपांची नर्सरी आहे. मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, तिचं बुकिंग उन्हाळ्यातच सुरू होतं; कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतरची, तिचं पावसाळा सरताना. बऱ्हाणपूर, बडवानीकडचे शेतकरीही फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच: एकरी किती रोपं लागतील, कोणत्या तारखेला मिळतील, टोकन किती. मला वाटलं, हे सगळं साइटवरच दिसावं. शेतकऱ्याने एकर टाकावे, अंतर टाकावं, रोपांची संख्या समोर यावी, तारीख निवडावी, झालं.

हा पोरगा ओळखीतूनच आला. गावातल्या डॉक्टरांची साइट त्याने केली होती, बाजारपेठेतल्या दोन सोनारांचीही. रस्त्यावरचा माणूस उचलून आणलेला नव्हता. घरी आला, आमच्या आबांच्या पाया पडला, भरीत-पुरी खाऊन गेला. म्हणाला, "भाऊ, बाकीचे लोक रेडिमेड माल चिकटवतात. मी तुमच्यासाठी एकेक स्क्रिप्ट हाताने लिहिणार." पाच गोष्टी ठरल्या: मोबाईलवर तीन रेघांवर बोट ठेवलं की उघडणारा मेनू, फोटोंचा सरकता स्लायडर, ऑफरचा पॉपअप, डिलिव्हरीची तारीख निवडायचं कॅलेंडर आणि रोपांचा कॅल्क्युलेटर. "कस्टम स्क्रिप्ट पॅक" 34,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,210, एकूण 40,710. मी पूर्ण दिले, एकरकमी. साइटचं डोमेनही, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्यानेच घेतलं, "तुम्हाला कुठे त्रास" म्हणून. डोमेन कधीही दुसऱ्याच्या नावावर घेऊ देऊ नका. हे नीट वाचा, पुन्हा सांगायला मी येणार नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं.

साइट दाखवायला तो लॅपटॉप घेऊन नर्सरीत आला. शेडनेटच्या बाहेर टेबल टाकलं होतं. मी म्हटलं, फोटो फार भराभर सरकतात, शेतकऱ्याला वाचताही येणार नाही. आणि बटण निळं कशाला, हिरवं पाहिजे. त्याने एक फाईल उघडली. वरच्या आठ-दहा ओळींत सगळं जसं काही मांडूनच ठेवलेलं: वेग 3000 (म्हणजे दर तीन सेकंदांनी फोटो बदलणार), आपोआप सरकणे चालू, बाण दिसावेत, ठिपके दिसावेत, रंग अमुक. त्याने 3000 चे 5000 केले, रंगाचा एक कोड बदलला, फाईल सेव्ह केली. फोटो सावकाश सरकायला लागले, बटण हिरवं झालं. मी डोळ्यांनी बघत होतो. आणि या कामाचं बिल आलं, "स्क्रिप्ट कस्टमायझेशन", 3,000 अधिक जीएसटी 540, म्हणजे 3,540.

जो माणूस फक्त एका नर्सरीसाठी हाताने स्क्रिप्ट लिहितो, तो वर एवढे पर्याय कशाला मांडून ठेवेल? जी स्क्रिप्ट हजारो लोकांनी आपापल्या साइटवर लावावी म्हणून लिहिलेली असते, तिच्यातच असे पर्याय वर काढून ठेवतात, म्हणजे आतल्या कोडला हात न लावता कोणालाही आकडे बदलता यावेत. तिथेच कळायला हवं होतं. पण मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे, कॉम्प्युटरवाला नाही. रोपाच्या मुळ्या बघून मी हार्डनिंग (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं) नीट झालंय की नाही सांगतो, फाईलच्या ओळी बघून काय सांगणार? उलट मला वाटलं, केवढा हुशार आहे, दोन मिनिटांत करून दिलं.

दुसरी गोष्ट बिलावर होती. जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 24 म्हणजे गुजरात. आणि कर लावला होता राज्यातल्यासारखा, 9 टक्के केंद्राचा, 9 टक्के राज्याचा. गुजरातचा माणूस महाराष्ट्रात सेवा देत असेल तर 18 टक्के एकत्रित आयजीएसटी लागतो. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी खोटा. रोपांवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे माझा या भानगडीशी रोजचा संबंध नाही. तुमचा असेल तर बिल आलं की जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकून बघा, फुकट दिसतं, दोन मिनिटं लागतात. माझ्या बिलावरचा नंबर तिथे सापडतच नाही.

वर्ष झालं, "लायसन्स रिन्यूअल" आलं: 8,000 अधिक 1,440, म्हणजे 9,440. भरले. पुढच्या मे महिन्यात, ऐन मृगबागेच्या बुकिंगात, "व्हर्जन अपग्रेड"चे 15,000 मागितले. मी म्हटलं, सीझन होऊ दे, बघू. दुसऱ्या दिवशी साइटवरचा मेनू उघडेना. कॅलेंडर उघडेना. तारीख निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता, म्हणजे बुकिंगच बंद. कॅल्क्युलेटरच्या जागी नुसता पांढरा चौकोन. फोन केला तर म्हणतो, "भाऊ, लायसन्स एक्स्पायर झालं की सिस्टीम आपोआप बंद करते, माझ्या हातात नाही." त्या वेळी शेडमध्ये रोपं तयार उभी होती. रोप काही थांबत नाही, वय झालं की शेतकरी घेत नाही. मी 15,000 यूपीआयने टाकले. कोणीही टाकले असते. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पुन्हा चालू.

पुढच्या आठवड्यात मुक्ताईनगरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. "काय रे भो, तुझी साइट उघडली तर सट्ट्याचं पान उघडतंय." मी माझ्या कॉम्प्युटरवर बघितलं, सगळं ठीक. मग आणखी दोघांचे फोन. फक्त मोबाईलवर, तेही प्रत्येकाला नाही. शेतकरी माणूस रोपं बघायला येतो आणि त्याच्यापुढे बेटिंगची जाहिरात! वीस वर्षांचं नाव आहे आमचं.

भाचा नाशिकला इंजिनीअरिंग करतो, सुट्टीत आला होता. त्याने कंट्रोल आणि यू दाबून साइटचं कोड उघडलं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर काढलं. एकही स्क्रिप्ट माझ्या होस्टिंगवर (साइटच्या फाईली ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर) नव्हती. पाचही त्या पोराच्या स्वतःच्या डोमेनवरून येत होत्या. माझ्या साइटवर नुसती पत्त्याची ओळ. तिकडे त्याने फाईल बदलली की इकडे माझी साइट बदलणार. बंद करायची तर बंद, सट्टा दाखवायचा तर सट्टा. लायसन्स वगैरे काही एक्स्पायर होत नव्हतं, तो हाताने बंद करत होता.

मग भाच्याने स्लायडरची मूळ फाईल इंटरनेटवरून उतरवली आणि दोन्ही फाईली शेजारी-शेजारी उघडल्या. मूळ फाईलमध्ये सुरुवातीला करणाऱ्याचं नाव आणि "एमआयटी लायसन्स" लिहिलेलं. ह्याच्या फाईलमध्ये तेवढ्याच ओळी खोडून स्वतःच्या फर्मचं नाव आणि "सर्व हक्क राखीव". खाली शेवटच्या कंसापर्यंत तंतोतंत तेच. कॅलेंडरही तसंच, फ्लॅटपिकर नावाचं, तेही एमआयटीवालं. आणि कॅल्क्युलेटर? एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, सहा बाय पाचवर लावलं तर 30 ने भागा, 1,452 रोपं. पाच बाय पाचला 1,742. हे गणित मीच त्याला वहीच्या पानावर लिहून दिलं होतं! त्याचं कोटेशनमध्ये "अल्गोरिदम" झालं.

एमआयटी लायसन्स म्हणजे काय, तेही ऐका, म्हणजे कोणी तुम्हाला गुंडाळणार नाही. त्या परवान्याखाली दिलेला कोड कोणीही फुकट वापरावा, बदलावा, विकावासुद्धा; अट एवढीच की मूळ कर्त्याचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. साइट बनवायला वापरतात तो तयार कोड, जेक्वेरी 2006 पासून आहे, बूटस्ट्रॅप 2011 पासून, दोन्ही याच परवान्यावर. जगभरच्या साइट त्यांवर चालतात. अशी स्क्रिप्ट लावून देण्याची मजुरी घेतली तर त्यात काही गैर नाही. त्याने सांगितलं असतं की भाऊ, स्क्रिप्ट फुकट आहे, बसवायचे दहा हजार, तर मी खुशीने दिले असते. त्याने गावच्या विहिरीला स्वतःचं कुलूप लावलं आणि माझ्याकडून पाण्याचं भाडं घेतलं. काही स्क्रिप्ट खरोखर विकतच्या असतात, नाही असं नाही. पण मग परवाना बनवणाऱ्या कंपनीचा आणि तुमच्या नावावर असला पाहिजे. मागा. दाखवत नसेल तर उठून या.

आणि दुसऱ्याच्या डोमेनवरून स्क्रिप्ट ओढणं किती धोक्याचं, हे मोठमोठ्या साइटवाल्यांनाही कळलं आहे. पॉलीफिल डॉट आयओ नावाचं डोमेन फेब्रुवारी 2024 मध्ये विकलं गेलं, जूनमध्ये उघड झालं की तिथून येणाऱ्या स्क्रिप्टमधून मोबाईलवाल्यांना सट्ट्याच्या पानांवर ढकललं जातंय. एक लाखाहून जास्त साइट अडकल्या होत्या. तिथेही हाच प्रकार, फक्त मोबाईल, तेही ठरावीक वेळीच, म्हणजे मालकाला लवकर पत्ताच लागू नये. माझी नर्सरी त्यापुढे काय!

आता पोलिसांचं. सगळे कागद, स्क्रीनशॉट, बिलं, यूपीआयच्या पावत्या घेऊन गेलो. पहिला प्रश्न, "साइट चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" मी सट्ट्याचं पान दाखवलं तर म्हणे, "तुम्हीच जाहिरात लावली असेल." मग म्हणे करार कुठे आहे. मग म्हणे सिव्हिल मॅटर आहे, वकील करा. तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं, सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, आधी स्थानिक ठाण्यात द्या. स्थानिक ठाण्यात परत गेलो तर ज्यांनी पाठवलं ते साहेब बंदोबस्ताला. 68,690 रुपये लहान रक्कम! कोणाची लहान? ऑनलाइन तक्रारीची पोच छापून नेली, तर तिची झेरॉक्स मागितली. झेरॉक्स दिली तर "पेन ड्राइव्हमध्ये वेबसाइट आणून द्या". वेबसाइट पेन ड्राइव्हमध्ये! बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला ना" एवढं एकच वाक्य. होस्टिंगवाले म्हणतात डोमेन त्याच्या नावावर आहे, त्याच्याच ईमेलवरून विनंती येऊ द्या. चोराकडून चिठ्ठी आणायची!

खोटं बोलून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, 1 जुलै 2024 पासून तीच लागू आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा कायदा) कलम 173 (4) खाली ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे मला ठाण्यातल्या एकानेही सांगितलं नाही, भाच्याने शोधून काढलं. मी स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पोच जपून ठेवली आहे. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी पैसे "लायसन्स"चे समजून भरले होते, त्यामुळे तो तास माझ्याकडे नव्हताच. ग्राहक आयोगाचेही कागद तयार करतोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

जुनं डोमेन सोडून दिलं. नवं माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डावर. भाच्याच्या मित्राने त्याच फुकटच्या स्क्रिप्ट माझ्या होस्टिंगवर ठेवल्या, वरचं मूळ नाव जसंच्या तसं राहू देऊन. मजुरी घेतली 4,000.

तो पोरगा आता शहाद्याकडे पपईवाल्यांकडे आणि धुळ्यातल्या दोन-तीन लॉजवाल्यांकडे जातोय असं कानावर आलंय. नाव इथे लिहीत नाही, वकिलाने मना केलंय. "हाताने लिहिलेली स्क्रिप्ट", दरवर्षी रिन्यूअल, 24 ने सुरू होणारा जीएसटी नंबर, एवढं जुळलं की एक रुपयाही देऊ नका. आणि ज्यांनी आधीच दिले असतील त्यांनी आजच कंट्रोल आणि यू दाबून स्क्रिप्ट कोणाच्या डोमेनवरून येतेय ते बघा, फाईल उतरवून ठेवा, बिलं जपा. वेगवेगळे गेलो तर मला दिलेलं उत्तर तुम्हालाही मिळेल. पाच-सहा जणांच्या तक्रारी एकाच दिवशी टेबलावर पडल्या तर त्यांना सिव्हिल मॅटर म्हणणं जड जाईल.