तिथी पाहून जा: एव्हरग्लेड्सच्या खाड्यांत चार रात्री

चोकोलोस्की बेटावर सकाळी सात वाजता मी कयाक पाण्यात ढकलायला वाकले, तेव्हा बाबा काठावरच्या कांदळांच्या मुळांकडे बघत उभे होते. मुळांवर पाण्याच्या वर हातभर ओली रेघ दिसत होती, म्हणजे ओहोटी लागली होती.

"अगं, सुकती लागलीय. आणि आपल्याला नदीतून वर जायचंय ना?"

"बाबा, आठ मैल जायचंय. उशीर होईल."

"आत्ता निघालीस तर होईल. परवा पौर्णिमा झाली, ओढ बघ केवढी आहे."

आम्ही थांबलो. साडेदहाच्या सुमाराला पाणी फिरलं, आणि त्याच्याबरोबर आम्ही लोपेझ नदीतून आत शिरलो. तीन तासांत मुक्कामावर होतो, तेही मध्ये थांबून पोळी-चटणी खाऊन. एक जोडपं सातलाच निघालं होतं. ते आमच्या जेमतेम अर्धा तास आधी पोचलं होतं आणि त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

फ्लोरिडाच्या नैऋत्य टोकाला असलेल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाबद्दल मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय. इथे अंतर मैलांत मोजून उपयोग नाही, पाण्याच्या वेळा पाहून दिवस आखावे लागतात. नकाशावर मी आमची फेरी आखली ती माझ्या रजेच्या तारखांप्रमाणे. बाबांचा जन्म रेवदंड्याचा, सगळं आयुष्य कुंडलिकेच्या खाडीकाठी गेलेलं. त्यांनी विमानतळावरच तिथी विचारली होती, तेव्हा मी नीट लक्ष दिलं नाही.

उद्यान 1947 सालचं. बहुतेक लोक मायामीच्या बाजूने येतात, रस्त्यावरून सुसरी बघतात आणि परततात. आम्ही गेलो ती पश्चिमेची बाजू, टेन थाउजंड आयलंड्सची. एव्हरग्लेड्स सिटी ते फ्लमिंगो असा 99 मैलांचा वाइल्डरनेस वॉटरवे हा जलमार्ग या कांदळवनातून जातो. तो पूर्ण करायला आठवड्याहून जास्त दिवस हाताशी हवेत. आम्ही फक्त वरच्या भागात फेरी मारली: संडे बे, वॉटसन्स प्लेस, पॅव्हिलियन की, रॅबिट की (इथे ‘की’ म्हणजे छोटं बेट) आणि परत चोकोलोस्की.

खर्चाचं सांगते. रानात मुक्कामाच्या परवान्याचे 21 डॉलर, शिवाय माणशी रात्रीला 2 डॉलर. दोघांच्या चार रात्रींचे 37 झाले. गाडीसकट प्रवेश 35 डॉलर, तो सात दिवस चालतो. मासेमारीचा परवाना वेगळा. आम्ही फ्लोरिडाबाहेरचे म्हणून सात दिवसांचे माणशी 30 डॉलर पडले. पासष्टी ओलांडलेल्यांना परवाना माफ आहे तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना, त्यामुळे बाबांचाही काढावा लागला. जागा आधी राखून ठेवा. हिवाळ्यात चांगल्या जागा लवकर भरतात. आणि हिवाळ्यातच जा. उन्हाळ्यातले डास आणि वादळं यांत तंबू ठोकायचा विचारही करू नका.

पहिला मुक्काम चिकीवर होता. चिकी म्हणजे पाण्यात खांब रोवून उभारलेला लाकडी माच. वर छप्पर, बाजूला एक संडास, बाकी चहूकडे पाणी. आतल्या भागात कोरडी जमीन फारशी नाहीच, म्हणून ही सोय. मूळ शब्द इथल्या आदिवासींच्या घराचा. माचात खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून आपल्या आपण उभा राहणारा तंबूच लागतो. शेकोटी पेटवायची नाही, चूल म्हणजे गॅसची शेगडी. रात्री माचाखालून पाणी चुळचुळत होतं आणि मध्येच डॉल्फिनचा फुस्स असा श्वास ऐकू आला. बाबा तंबूबाहेर येऊन बसले ते बराच वेळ आत आलेच नाहीत.

इथेच एक तक्रार. भाड्याने घेतलेल्या दोन माणसांच्या कयाकचं मागचं झाकण गळत होतं. रबराला चीर गेलेली, आणि माझी झोपायची पिशवी पहिल्याच दिवशी भिजली. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण कयाक ताब्यात घेताना सगळी झाकणं लावा, वरून बादलीभर पाणी ओता आणि आत बघा. मी हे केलं नाही आणि ती रात्र सगळे कपडे अंगावर चढवून काढली.

पाण्याचं ओझं मात्र टाळता येत नाही. वाटेत कुठेही गोडं पाणी नाही. माणशी रोज एक गॅलन धरा. आमचं पाच दिवसांचं दहा गॅलन झालं, म्हणजे साधारण 38 किलो. ते कडक प्लास्टिकच्या कॅनमध्येच न्या. बेटांवरच्या रॅकूनांना अन्नाइतकीच पाण्याचीही ओढ असते आणि मऊ बाटल्या ते दातांनी फोडतात. पॅव्हिलियन कीवर आमच्या कॅनवर रात्री नखांचे ओरखडे उठले होते, झाकण मात्र टिकलं.

दुसऱ्या रात्रीची जागा वॉटसन्स प्लेस, चॅटॅम नदीच्या काठी. ही जुनी कालवं-शिंपल्यांची उंच जागा, कॅलुसा लोकांनी शतकानुशतकं टाकलेल्या शिंपल्यांनी तयार झालेली. पुढे एडगर वॉटसन नावाच्या माणसाने इथे ऊस लावला आणि काकवी काढली. 1910 साली चोकोलोस्कीच्या लोकांनी त्याला गोळ्या घालून मारलं. त्याची काहील अजून झाडीत आहे. बाबांनी तिच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढ्या खाऱ्या मुलखात ऊस!" डास इथे जानेवारीतही जबर होते. संध्याकाळी सहानंतर आम्ही तंबूतून बाहेर पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडण्याआधी निघालो, कारण नदीतून समुद्राकडे जायचं तर सुकती हवी. एक गोष्ट बाबांनाही नवी होती. रेवदंड्याला उधाणाचं पाणी मोठं चढतं, इथे जेमतेम मीटरभर. पण तळ इतका सपाट की तेवढ्यानेच सगळं बदलतं, आणि समुद्राच्या तोंडाशी पाणी फिरल्यावर आतल्या उपसागरांत ते कळायला काही तास जातात. म्हणजे तोंडाजवळच्या वेळेचा तक्ता बघून आत बसून राहिलात तर चुकाल. आम्ही 11430 क्रमांकाचा सागरी नकाशा प्लास्टिकमध्ये घालून समोर बांधला होता. फोनला आत रेंज नसते, आणि कांदळाचं एक वळण दुसऱ्यासारखंच दिसतं.

मासेमारीसाठी म्हणून आलात तर निराश होणार नाही. चॅटॅमच्या तोंडाशी, कांदळाच्या मुळांजवळ, कोलंबी लावून बाबांनी गळ टाकला. दहा मिनिटांत वल्हं माझ्या हातातून सुटेल असा कयाक वळला. वर आला तो स्नूक. लांबट, चांदीसारखा, अंगावरून शेपटापर्यंत गेलेली काळी रेघ.

"जिताडा! अगं, हा तर जिताडाच!"

तो जिताडा नव्हे, पण चण तीच आणि खारं-गोडं पाणी मिसळतं तिथे राहण्याची सवयही तीच. जानेवारीत स्नूक ठेवायला बंदी असते. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं, तरी सांगताना घसा दाटला. बाबांनी त्याला पाण्याबाहेर काढलंच नाही. बाजूला धरून गळ सोडवला, तोंड प्रवाहाकडे केलं आणि तो आपला आपण जाईपर्यंत हात तसाच ठेवला. संध्याकाळच्या जेवणाला दोन ग्रे स्नॅपर मिळाले, आपल्या तांबोशीच्या जातीतले, दहा इंचांच्या मापात बसणारे. हळद, मीठ, आगळ लावून तव्यावर परतले. ते आगळ रेवदंड्याहून आलेलं.

पॅव्हिलियन की आणि रॅबिट की ही समुद्राकडची बेटं. इथे वाळू आहे, आणि भरतीच्या रेषेच्या खाली, वाळून पडलेल्या लाकडांची शेकोटी चालते. सूर्य थेट गल्फमध्ये बुडतो. चिलटं मात्र फार चावतात. डासांच्या साध्या जाळीतून ती आत येतात, तंबूची जाळी बारीक विणीचीच घ्या.

शेवटच्या दिवशी थंडी घेऊन उत्तरेचा वारा सुटला. तो चोकोलोस्कीच्या उथळ उपसागरातलं पाणी बाहेर लोटतो. भरती धरून निघालो, तरी बेट समोर दिसत असताना कयाक चिखलात बसला. डावीकडे कालवांची धार पाण्याबाहेर आलेली. मी पाय बाहेर टाकणार तोच बाबा ओरडले, "उतरू नकोस! कमरेपर्यंत जाशील." वल्हं आडवं टाकून आम्ही चाळीस मिनिटं बसून राहिलो. बगळे आमच्यापासून दोन वावांवर मासे वेचत होते. मग कयाक आपोआप हलला.

पोहता येतं, दिवसाला आठ-दहा मैल वल्हवता येतं आणि दोन तास निवांत बसून राहता येतं, अशांनी जरूर जावं. लहान मुलांना पहिल्याच खेपेला चार रात्री नेऊ नका, रॅबिट कीवर एक रात्र पुरे. बाबांनी पुढच्या हिवाळ्याचं पंचांग माझ्याकडे ठेवून दिलंय आणि अष्टमीभोवतीच्या दिवसांवर पेन्सिलीने खुणा केल्यात. त्या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान आणि ओढ कमी. परवान्यासाठी तारखा निवडताना मी आता तेच दिवस बघतेय.