मेमरी कार्ड रिकामं, तरी एसएमएसला जागा नाही: अँड्रॉइड २.१ च्या फोनचा वापरानंतरचा अनुभव

फोन घेतला त्या आठवड्यातच त्याबद्दल लिहायला हात शिवशिवत होते, पण ठरवून थांबलो. नव्या फोनचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं. तो खरा कसा आहे हे मेमरी भरल्यावर, बॅटरी जुनी झाल्यावर आणि एकदा सर्व्हिस सेंटरची पायरी चढल्यावर कळतं. आता तिन्ही झालंय.

स्पेसिफिकेशन पुन्हा लिहीत नाही. ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २४० बाय ३२० चा स्क्रीन, अँड्रॉइड २.१ अशा धाटणीचे फोन आतून बरेचसे सारखेच असतात. कंपनी कुठलीही असो, पुढे लिहितोय ते यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

मुद्दा एकच आहे आणि तो मला सोडवत नाही. या फोनने माझे एसएमएस घेतलेच नाहीत.

बाबांच्या तपासणीची वेळ डॉक्टरांनी अलीकडे आणली होती. दादाने सकाळी मला तसा मेसेज केला. त्याच्या फोनवर तो गेलेला दिसत होता, त्यामुळे तो निर्धास्त. माझ्या फोनवर काहीच नाही. नेटवर्कच्या सगळ्या कांड्या होत्या, दुपारी दोन कॉलही येऊन गेले. बाबा तिथे तासभर बाकावर बसून राहिले आणि मी जुन्या वेळेच्या हिशेबाने निघालो. संध्याकाळी एक गेम काढून टाकला आणि मिनिटभरात टुंग टुंग करत अडकलेले मेसेज एकामागून एक येऊन पडले. दादाचा मेसेज त्यातच होता. म्हणजे नेटवर्क ठीक होतं, सिम ठीक होतं. फोनच मेसेज दारातून परत पाठवत होता.

असं का होतं, ते खोदून काढलं. ज्यांना हा त्रास अजून झाला नसेल त्यांनी आधीच समजून घ्यावं. खोक्यावर ५१२ एमबी लिहिलेलं असतं. त्यातला मोठा हिस्सा खुद्द अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप खातात. आपल्या वाट्याला दीडशे एमबीच्या आसपास उरतात. आपण टाकलेली ॲप, त्यांचा डेटा, ईमेल, कॉन्टॅक्ट आणि एसएमएस हे सगळं त्याच दीडशेत. ही जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की वरच्या पट्टीत 'जागा कमी आहे' असा इशारा येतो आणि ईमेलचं सिंक थांबतं. आणखी घसरली की फोन एसएमएस घेणं बंद करतो. तो नेटवर्कला कळवतो की माझी मेमरी भरली आहे. मग मेसेज नेटवर्कच्या एसएमएस केंद्रात थांबून राहतो. जागा झाली की फोन पुन्हा कळवतो आणि थांबलेले मेसेज सुटतात. पण केंद्रात प्रत्येक मेसेजला मुदत असते. ती संपली की मेसेज गेला, आणि तो आला होता हेसुद्धा आपल्याला कधी कळत नाही.

तो 'जागा कमी'चा इशारा माझ्या फोनवर दुसऱ्या महिन्यापासून जवळजवळ मुक्कामालाच होता. त्यात एसएमएसचा शब्दही नाही. वाचणाऱ्याला वाटतं की आता नवीन ॲप टाकता येणार नाही, एवढंच. आणि ते टाकायचं नव्हतंच.

आता हिशेब बघा. एक एसएमएस म्हणजे १४० बाइट. इंग्रजीत १६० अक्षरं आणि मराठीत ७०, दोन्ही त्या १४० बाइटमध्येच बसतात. एका एमबीत असे सात हजारांहून जास्त एसएमएस मावतात. डेटाबेसचा वरखर्च धरून निम्मे म्हणा, पाव म्हणा, तरी हजारात जातात. दीडशेतला एक एमबी फक्त मेसेजसाठी राखून ठेवला असता तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. फोन बनवणारे हवामान दाखवणाऱ्या ॲपला जमेल तेवढी जागा घेऊ देतात आणि ज्या कामासाठी याला फोन म्हणायचं त्या कामाला उरलंसुरलं. त्याच वेळी खाचेत बसलेल्या दोन जीबीच्या कार्डावर निम्म्याहून जास्त जागा मोकळी पडलेली.

जुन्या साध्या फोनचाही इनबॉक्स भरायचा, हे मान्य. पण तो मेसेजनीच भरायचा. पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागलं की दहा मेसेज उडवायचे आणि विषय संपला. कुठल्यातरी नकाशाने किंवा गेमने येऊन मेसेजची जागा बळकावली, असं तिथे कधी होत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. पहिला सल्ला मिळाला की मोठं कार्ड घाला. मी तिथेच कार्ड काढून त्यातली रिकामी जागा दाखवली. मग म्हणाले, ॲप जास्त आहेत. माझ्या स्वतःच्या ॲपची यादी एका स्क्रीनमध्ये मावत होती, बाकीची सगळी कंपनीने दिलेली आणि काढता न येणारी. शेवटी त्यांचं नेहमीचं औषध निघालं: रीसेट मारून देतो, म्हणजे आतलं सगळं पुसून फोन नव्यासारखा. मी स्पष्ट सांगितलं की आधी मेसेजची प्रत कार्डावर घेऊ द्या, कारण एसएमएस कार्डावर नसतात, आतल्या मेमरीत असतात. फॉर्मवर तसं लिहूनही दिलं. फोन हातात आला तेव्हा इनबॉक्स कोरा. 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ फॉर्मच्या मागे छापलेली असते, ती दाखवली गेली. त्या इनबॉक्समध्ये आजीने तिच्या फोनवरून एकेक अक्षर शोधून केलेले मेसेज होते. याचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

रीसेटने फरक पडला, पण तीनेक आठवडेच. मग परत तोच इशारा. याचं कारण बघण्यासारखं आहे. नकाशासारखी ॲप कंपनीने मूळ सिस्टिमच्या भागात भरलेली असतात. तो भाग आपल्याला हात लावता येत नाही असा. अशा ॲपचं अपडेट आलं की नवी प्रत आपल्या दीडशे एमबीत येऊन बसते आणि जुनी सिस्टिमच्या भागात तशीच पडून राहते. एकाच ॲपला दोन ठिकाणी जागा. रीसेट मारला की नव्या प्रती जातात, मोकळं मोकळं वाटतं, आणि अपडेट झाली की पुन्हा भरतं. सर्व्हिस सेंटरमध्ये हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आपलं आपणच सोडवायचं असेल तर सेटिंग्ज, ॲप्लिकेशन्स, मॅनेज ॲप्लिकेशन्समध्ये जा, नकाशाचं ॲप उघडा आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबा. मूळ प्रत राहते, चालते, आणि कित्येक एमबी एका फटक्यात सुटतात. नुसतं 'क्लिअर कॅशे' दाबून मिळते ती जागा दोन दिवसांची.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं आणि मत पक्कं होतं की हा फोन कुणी घेऊ नये. मग अपडेट आलं.

अँड्रॉइड २.२ मे २०१० मध्ये जाहीर झालं आणि त्यात ॲप कार्डावर हलवायची सोय आहे, हे तेव्हापासून ऐकत होतो. आमच्या कंपनीने ते या मॉडेलला द्यायला फार वेळ लावला. कस्टमर केअरचं उत्तर प्रत्येक वेळी 'लवकरच' एवढंच. पण दिलं, हे नोंदवायला हवं. या किमतीच्या फोनला पुष्कळ कंपन्या तेव्हा तेवढंही देत नव्हत्या. अपडेटनंतर मॅनेज ॲप्लिकेशन्समध्ये 'मूव्ह टू एसडी कार्ड' असं बटण दिसायला लागलं. पहिल्या संध्याकाळी जेवढी हलतील तेवढी हलवली. इशारा गेला. फोनही जरा चटपटीत झाला, कॉन्टॅक्टची यादी सरकवताना पूर्वी अडकायची ती आता सुरळीत सरकते. त्यामुळे 'घेऊ नका' हे वाक्य मी मागे घेतो.

मागे घेतो, पण पूर्ण नाही. ते बटण सगळ्या ॲपना लागू नाही. ज्याने ॲप बनवलं त्याने परवानगी दिली असेल तरच ते हलतं. हललं तरी अख्खं हलत नाही. मुख्य फाइल कार्डावर जाते, पण ॲपचा डेटा आणि चालण्यासाठी तयार केलेला कोड आतच राहतो. दहा एमबीचं ॲप हलवून दहा एमबी सुटतील असं समजू नका. कार्डावर गेलेल्या ॲपचं विजेट होम स्क्रीनवर चालत नाही. आणि गाणी भरायला फोन कॉम्प्युटरला डिस्क म्हणून जोडला की कार्ड तेवढा वेळ फोनला दिसत नाही, म्हणजे त्यावरची सगळी ॲप बंद. म्हणून जे ॲप रात्रंदिवस चालू राहायला हवं ते आतच ठेवा. गेम, शब्दकोश, वाचायची ॲप कार्डावर.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बॅटरी रोज रात्री चार्जिंगला लागते, याची मानसिक तयारी होती. कॅमेरा दिवसा उजेडी चालतो. कॉलचा आवाज स्वच्छ आहे, यात एकदाही तक्रार नाही. स्क्रीन लहान असला तरी बोटाने चालतो, काडी लागत नाही. अलार्मचं मात्र लक्षात ठेवा: आधीचा साधा फोन बंद करून झोपलो तरी सकाळी वाजायचा. हा बंद असेल तर वाजत नाही. पहाटेची गाडी असेल तेव्हा फोन चालू ठेवूनच झोपा.

आणि एक गोष्ट अशी की तिच्यासाठी मी या फोनला बरेच गुन्हे माफ केले आहेत. यात देवनागरी नाही. मराठी पान उघडलं की चौकोनांच्या रांगा दिसतात. कुणी मराठीत एसएमएस केला तरी चौकोन. हे नशिबात आहे असंच धरून चाललो होतो. मग ऑपेरा मिनी टाकलं. त्याच्या ॲड्रेस बारमध्ये 'ऑपेरा', मग अपूर्णविराम, मग 'कॉन्फिग' असं इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करायचं. एक सेटिंगचं पान उघडतं. खाली शोधलं की 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी ओळ सापडते. ती 'येस' करून सेव्ह करायची आणि पान पुन्हा उघडायचं. चौकोनांच्या जागी मराठी! जोडाक्षरं जोडलेली, वेलांट्या जागेवर, 'र्‍या' सुद्धा नीट. अक्षरं फोनमध्ये नसतातच, ऑपेराच्या सर्व्हरवर त्यांची चित्रं बनून येतात, त्यामुळे फोनला फॉन्ट असण्या-नसण्याने काही बिघडत नाही. डेटा थोडा जास्त जातो. मी डेटाच्या प्रत्येक केबीचा हिशेब ठेवणारा माणूस आहे आणि तरी हा खर्च मला मनापासून पटतो. त्या रात्री बराच वेळ नुसती मराठी पानं उघडून वाचत बसलो. घरात सगळ्यांना दाखवली. ज्या फोनने आजीचे मेसेज घालवले त्याच फोनवर आई आता मराठी बातम्या वाचते.

ही सोय फक्त त्या ब्राउझरपुरती आहे. मराठी एसएमएस अजून चौकोनच दिसतात.

नवीन फोन घे असं घरचे म्हणतात. चालता फोन टाकून देणं मला जमत नाही, आणि हा चालतोय. सध्या आत २४ एमबी मोकळे आहेत. ॲपची अपडेट आपोआप होऊ देत नाही, एकेक बघून करतो आणि नकाशाचं करतच नाही. मेसेजची प्रत दर रविवारी कार्डावर घेतो, त्यासाठी फुकट ॲप मिळतं आणि ते जेमतेम जागा घेतं. तुमच्याकडे या धाटणीचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'एसडी कार्ड अँड फोन स्टोरेज'च्या तळाशी असलेला आकडा आजच बघून घ्या. तो वीसच्या खाली असेल तर नकाशाच्या अपडेटपासून सुरुवात करा. आणि दुकानात फोन बघत असाल तर हातात घेऊन आधी तोच आकडा उघडा. खोक्यावर तो कुठेही छापलेला नसतो.