महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज: पोर्टल बरं आहे, कागद आधी जमवा

समाजकल्याण, तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण अशा वेगवेगळ्या विभागांच्या योजना एकाच लॉगिनमध्ये दिसतात, ही महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, सगळ्यात मोठी सोय. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असला की प्रोफाइल एका बैठकीत भरून होतं. अर्ज अडतात ते कागदांपाशी.

सगळ्यात जास्त घोळ उत्पन्नाच्या दाखल्याचा. तो तहसीलदारांचाच लागतो. पालकांचा फॉर्म 16 किंवा पगारपत्रक हा दाखला काढण्यासाठीचा पुरावा आहे, दाखल्याच्या जागी तो चालत नाही. शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल जोडावा. सोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या होतो किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून. पुण्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी: आपला पत्ता पुणे शहर तालुक्यात येतो की हवेलीत. तालुका चुकला की अर्ज नाकारला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दाखल्यावर वैधतेची तारीख असते, बहुधा 31 मार्च. फेब्रुवारीत प्रवेशाच्या तयारीसाठी काढलेला दाखला ऑगस्टमध्ये बाद झालेला असतो, हे अनेकांना फॉर्म भरतानाच कळतं. ज्यांना नॉन क्रिमीलेअर (उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) ही काढायचं आहे त्यांनी एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागावा, म्हणजे दोन फेऱ्या होत नाहीत. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीवर टाकला की माहिती आपोआप येते. ही सोय खरोखर चांगली आहे, क्रमांक मात्र एकेक अक्षर जुळवून टाका.

उत्पन्नाची मर्यादा योजनेनुसार बदलते. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला 8 लाख, अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला 2.5 लाख. शाहू योजनेत कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, त्यामुळे रेशनकार्डावरची नावं आणि हमीपत्र यांत फरक नको. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला असेल तर अलॉटमेंट लेटर सांभाळून ठेवा. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमात पूर्ण शुल्कमाफी आहे. ती मिळवायलाही हेच कागद लागतात, म्हणून मुलींनी अर्ज टाळू नये.

बाकीचे कागद, म्हणजे अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जात प्रमाणपत्र व वैधता, शिक्षणात खंड असल्यास त्याचं प्रतिज्ञापत्र, हे एकदाच जमवायचे. अपलोडची मर्यादा 256 केबी आहे. मोबाइलच्या फोटोंचा आकार याच्या कितीतरी पट असतो, म्हणून स्कॅन करून कॉम्प्रेस करा आणि शिक्का, सही, क्रमांक वाचता येतात का ते उघडून बघा. अस्पष्ट कागद हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण.

पैसे अडकण्याची जागा निराळीच. बँकेत केवायसीसाठी आधार दिला म्हणजे खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला) जोडलं गेलं असं होत नाही. आधार सीडिंगचा, म्हणजे खातं आधारशी जोडण्याचा, वेगळा फॉर्म भरून खातं एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या नोंदीत चढवावं लागतं. शेवटी जे खातं सीड केलं, रक्कम तिथेच जाते. दहावीत काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातं नोंदीत राहिलं असेल तर पैसे परत फिरतात. मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसतं, ते अर्जाच्या आधी पाहावं.

पोर्टलची उणीव एकच, पण मोठी: अर्ज परत आला तर त्याचा एसएमएस येईलच या भरवशावर राहता येत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कॉलेजच्या टेबलावर आहे, विभागाकडे आहे की ‘सेंड बॅक’ झाला आहे ते पाहा. परत आला असेल तर शेरा वाचून तेवढाच कागद बदला, पुन्हा सबमिट करा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात अर्ज क्रमांक कळवा. मुदत संपायच्या आत त्यांच्या लॉगिनमधून तो पुढे जायला हवा.