नवजात बाळासाठी वर्ध्याची खादी आणि मलमल: उन्हाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

लेकीचा जन्म मार्चअखेरचा आणि घर नागपुरात. म्हणजे तिचे पहिले महिने ४५ अंशांच्या उन्हात जाणार हे आधीच ठाऊक होतं. म्हणून बाळंतविड्याची तयारी करताना एक गोष्ट पक्की केली: अंगाला लागणारा प्रत्येक कपडा शंभर टक्के सुती, आणि होईल तितका इथलाच. कापसाच्या मुलखात राहून बाळाला पॉलिस्टरचे झालरी-झालरीचे फ्रॉक घालणं मला पटत नव्हतं. आता डिसेंबर लागलाय. तिन्ही ऋतूंत हे कपडे घालून, धुऊन, वाळवून झालेत, तेव्हा सविस्तर लिहिते.

कापड तीन ठिकाणांहून आलं. झबल्यांची खादी वर्ध्याहून, मगन संग्रहालयातून. मगनलाल गांधींच्या नावाची ही संस्था गांधीजींच्या हस्ते १९३८ साली सुरू झाली आणि आजही तिथे सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांतली खादी मिळते. दुपट्यांची मलमल इतवारीतल्या कापडबाजारातून घेतली. आणि लंगोटांसाठी आईच्या जुन्या सुती साड्या, ज्याला तोड नाही. एका पाचवारीत पंधरा-सोळा लंगोट सहज निघतात, आणि वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडाचा मऊपणा नव्या कापडाला कुठून येणार?

खरेदीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. खादी म्हणजे हाताने कातलेलं सूत हातमागावर विणलेलं कापड. हातमागाच्या कापडात सूत गिरणीचं असू शकतं. तेही चांगलंच असतं, पण भाव खादीचा लावलेला असेल तर विचारायला हवं. आणि खादी भांडारात मिळतं ते सगळं सुतीच असतं असं नाही. तिथे पॉलीवस्त्रही असतं, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. दिसायला गुळगुळीत, चुरगळत नाही, त्यामुळे बाळासाठी हेच बरं असं वाटू शकतं. शंका आली तर कडेचे दोन-चार धागे मागून घ्यावेत आणि घरी येऊन जाळून बघावेत. सुती धागा कागद जळल्याचा वास देतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक गोळी धरतो.

नव्या खादीला खळ असते. हाताला ती खरखरीत लागते आणि तिथेच बरेच जण नाक मुरडतात. मी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात रिठ्याने धुतलं, मग पुन्हा एकदा नुसत्या पाण्यातून काढलं. तेव्हा कुठे खरा पोत हाताला लागला. हे कापायच्या आधीच करायचं, कारण खादी आटते. आमची मीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर आटली. शिवल्यावर आटली असती तर झबलं थेट बाहुलीला घालावं लागलं असतं.

शिवणकाम गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंकडे दिलं, आणि या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा फायदा तिथे झाला. तयार कपड्यात आपल्याला मिळेल ते घ्यावं लागतं. इथे समोर बसून सांगता आलं. झबलं पुढून पूर्ण उघडं, बाजूला कापडाचेच आखूड बंद. डोक्यातून घालायचं काही नको, कारण पहिल्या महिन्यात मान सावरत कपडा घालणं हे बाळालाही नको असतं आणि आपल्यालाही. टिचबटण नको, मानेमागे नाडी अजिबात नको. आणि शिवणीची बाजू बाहेर ठेवा, असं सांगितलं तेव्हा ताई हसल्या, म्हणाल्या, "बाई, लोक उलटं घातलं म्हणतील." म्हणू देत. काखेत आणि कुशीला शिवणीची जाड कड घासली की तिथलं कातडं लगेच लाल होतं. दुसऱ्या खेपेला ताईंनी आपणहून काखेला थोडी ढिलाई जास्त ठेवली.

हातमोजे-पायमोजे मात्र मी पाहुण्यांनी आणलेले होते तेही बाजूला ठेवले. एक मोजा उलटा करून बघा. आत लोंबणारे धागे दिसतील. तसा एखादा धागा बोटाला गुंडाळला गेला तर बोटाचं रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते आपल्याला बाहेरून कळतही नाही. नखं कापणं सोपं. झबल्यांनाही घालण्याआधी आतून हात फिरवून सुटे धागे कापायची सवय लावून घेतली.

उन्हाळ्याबद्दल काय सांगू, या कपड्यांनी सोनं केलं. दुपारी कूलरच्या खोलीत नुसतं एक पातळ झबलं आणि लंगोट. टोपडं घरात नाहीच. सासूबाईंना सुरुवातीला ते जड गेलं, कारण त्यांच्या मते बाळाची टाळू उघडी ठेवत नाहीत. पण डॉक्टरांनीच त्यांना समजावलं की बाळाला जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकता यायला हवी. मग त्याच इतरांना सांगू लागल्या. घामोळं आलं ते एकदाच, एका लग्नाला चकचकीत अस्तराचा भेट आलेला फ्रॉक घातला त्या संध्याकाळी. मानेखाली पुरळ उठलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मलमलवर ठेवल्यावर तीन-चार दिवसांत गेलं.

लंगोटाची गाठ नाळ पडेपर्यंत नाळेच्या खाली ठेवायची, म्हणजे ती कोरडी राहते. दुपट्यात गुंडाळताना हात आत घेतले तरी पाय मोकळे हवेत, बेडकासारखे दुमडून बाहेर पडू देणारे. पाय सरळ ताणून घट्ट बांधले की खुब्याचा सांधा सरकायची भीती असते. मलमलचं दुपटं यासाठी उत्तम, कारण ते थोडं ताणतं आणि हवा खेळती राहते. लंगोट धुताना ते मऊ करायचं सुगंधी द्रव्य वापरू नका. कापडावर थर बसतो आणि पाणी शोषणंच बंद होतं.

पावसाळ्याने मात्र दमवलं. जुलैत सलग झड लागली की लंगोट वाळेनात, खादीची झबली तर दोन-दोन दिवस ओलसर. मलमल पंख्याखाली रात्रीत वाळते, खादीला वेळ लागतो. त्या दिवसांत रात्री डिस्पोजेबल डायपर वापरले आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ज्यांचं बाळ पावसाळ्यात जन्माला येणार आहे त्यांनी खादी कमी आणि मलमल जास्त घ्यावी.

रंगांचंही सांगते. नैसर्गिक रंग म्हणजे पक्का रंग असं समजू नये. निळीचं झबलं चोखून चोखून लेकीच्या ओठांना निळी झाक आली आणि माझा जीव वरखाली झाला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा उन्हात फिका पडत गेला. पहिल्या सहा महिन्यांसाठी बिनरंगी, कोरी खादीच घ्या. डाग पडतात, पण उन्हात टाकले की बरेचसे जातातही.

थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा खादीचे दोन पातळ थर आणि वर आजीने विणलेलं स्वेटर, हे जमलं. लोकर थेट अंगाला नको, टोचते. घरात मोठ्यांना लागतो त्यापेक्षा एक थर जास्त, इतकं पुरतं.

"बांबूचं कापड" म्हणून मिळणाऱ्या महागड्या संचांबद्दल मला दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं. ते बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलं रेयॉन असतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली रेयॉनला बांबू म्हणून विकणाऱ्या चार मोठ्या विक्रेत्यांना एकूण १२ लाख ६० हजार डॉलर दंड केला होता. मऊ असतं हे खरं, पण नैसर्गिक धाग्याच्या नावाखाली त्याला तिप्पट पैसे मोजू नयेत.

खर्च म्हणाल तर शिलाई धरून एक खादीचं झबलं तयार होजिअरीच्या झबल्याच्या जवळपास दुप्पट पडलं. टिकलं मात्र छान. होजिअरीची गळ्याशी सैल झाली, गोळे धरले. खादीची धुवावी तशी मऊच होत गेली. कुशीला ताईंनी शिवण सोडायला जागा ठेवली होती, ती ऑगस्टमध्ये उसवून झबली मोठी करून घेतली, म्हणून तीच दिवाळीपर्यंत चालली. आता लेक रांगते. गुडघ्याशी मलमल टिकत नाही, तिथे जाडसर खादीची सैल चड्डीच लागते. त्याचं कापड पुन्हा वर्ध्याहूनच आणलंय. लहान झालेली झबली वहिनीला दिली, तिला फेब्रुवारीतली तारीख आहे. त्यातून निळी तेवढी काढून ठेवली.