बोर्ड ठोकण्याआधी रोलर हातात घेऊन बघा

ऐरोलीत आमचा वन बीएचके. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला आणि बाथरूमचं आत उघडणारं दार अडचणीचं झालं. दार लोटलं की वॉकर वळवायला जागाच उरत नव्हती. म्हणून भिंतीत सरकणारं दार, पॉकेट डोअर, करायचं ठरवलं. पॅसेजच्या बाजूने चौकट उभारून सिमेंट बोर्ड लावायचा आणि मधल्या पोकळीत दार सरकवायचं.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आलेला. त्याने हार्डवेअरच्या, म्हणजे दार ज्यांवर टांगतात ते चाकांचे रोलर आणि ते ज्यात धावतात तो ट्रॅक यांच्या खोक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला: ८० किलो क्षमता, सॉफ्ट क्लोज. साडेचौदा हजार घेतले, बिल म्हणून कच्ची चिठ्ठी दिली. फिटिंगच्या दिवशी म्हणाला, "मॅडम, धूळ उडेल, आजींना घेऊन बेडरूममध्ये बसा." संध्याकाळी बाहेर येऊन बघते तर बोर्ड ठोकून मोकळा. दार सरकवून दाखवलं, ते खटकन आदळलं. विचारलं तर म्हणे, डँपर (दाराचा वेग शेवटी कमी करणारा भाग) नवा आहे, महिनाभरात सेट होईल. हे साफ खोटं होतं. सॉफ्ट क्लोज पहिल्या दिवशीच हळू बंद व्हायला हवा. मी तिथेच अडून बसायला हवं होतं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी आई आत असताना दार सरकेचना. खाली वाकून पाहिलं तर एक कोपरा फरशीला टेकलेला. शेजारच्या काकांनी फटीत पहार घालून दार उचलून धरलं, तेव्हा कुठे ती बाहेर आली. पस्तीस मिनिटं गेली. आतून ती "मी ठीक आहे गं" म्हणत होती आणि तिचा आवाज कापत होता.

बोर्ड फोडावा लागला. नव्या कारपेंटरदादांनी रोलर काढून माझ्या तळहातावर ठेवला. प्लॅस्टिकची चाकं, एका बाजूने झिजून चपटी झालेली, आत बेअरिंगच नाही. "ताई, हे कपाटाच्या दाराचे रोलर आहेत." दार काट्यावर ठेवलं तर ३८ किलो. सात बाय अडीच फूट, ३५ एमएमचं भरीव फ्लश डोअर, दोन्हीकडून लॅमिनेट, एवढं भरणारच. डँपर तर बसवलाच नव्हता. ट्रॅक लोखंडी चौकटीत कसायचा सोडून प्लायच्या पट्टीत बारक्या स्क्रूंनी लावलेला, आणि ती पट्टी वाफेने फुगलेली.

साध्या दाराची बिजागरी रोज डोळ्यांसमोर असते. इथे पैशाचा सगळा माल भिंतीत जातो, आणि बोर्ड बसला की कोणी बघणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा खोकं स्वतः उघडा. ट्रॅक दाराच्या रुंदीच्या साधारण दुप्पट लागतो, आमच्या दाराला पाच फूट. आधी दाराचं वजन करा, मग त्याहून बऱ्यापैकी जास्त क्षमतेचे, बेअरिंगवाले रोलर घ्या. दार टांगून वीस-पंचवीस वेळा सरकवून बघितल्याशिवाय बोर्डाला हात लावू देऊ नका. ट्रॅक झाकणारी वरची पट्टी स्क्रूने निघणारी करून घ्या, म्हणजे पुढे रोलर बदलायला भिंत फोडावी लागणार नाही. बाथरूमसाठी स्टील ३०४ ग्रेडचं मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका. लवकर गंजणाऱ्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. ग्रेड पक्क्या बिलावर लिहून घ्या.

कॉन्ट्रॅक्टर आता फोन उचलत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि खोक्याचा तो फोटो आहे. चपटे रोलरही डब्यात जपून ठेवलेत.

नवं दार एका बोटाने सरकतं. आई मात्र अजून ते चार बोटं उघडं ठेवूनच आत जाते.